ताण कुणाचा?

खारघरच्या सेक्टर १५ मध्ये सिडकोने बांधलेल्या दोन वसाहती आहेत. एकीचं नाव घरकुल, दुसरीचं स्पॅगेटी. यातली कमी उत्पन्नवाल्यांची कोणती आणि त्याहून बऱ्या स्थितीतल्यांची कोणती, हे कुणाला विचारायची गरज पडत नाही. तिथून थोडं पुढे सेक्टर ३६ मध्ये अशीच दुसरी जोडी सापडते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेल्या ३,५९० घरांचं नाव स्वप्नपूर्ती, आणि वरच्या उत्पन्न गटांसाठी व्हॅलीशिल्प. मध्ये सेक्टर १७ मध्ये सेलिब्रेशन आहे. खाडीपलीकडे उलव्यात छोट्या घरांची वसाहत आहे, तिचं नाव उन्नती.

ही नावं ठेवणाऱ्याने फार विचार केला असेल असं मला वाटत नाही. म्हणूनच ती वाचण्यासारखी आहेत. गरिबाच्या घराला मराठी नाव मिळतं आणि त्या नावात त्याच्यावर झालेला उपकार कोरलेला असतो. तुझं स्वप्न होतं, ते आम्ही पूर्ण केलं. तू खाली होतास, तुझी उन्नती केली. बऱ्या पगाराच्या माणसाची उन्नती करायची गरज नसते, त्यामुळे त्याच्या वाट्याला थेट सेलिब्रेशन येतं, किंवा एक इटालियन पदार्थ. (व्हॅलीला मागून शिल्प का जोडलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.)

मी नगररचनाकार नाही. दिवसा सर्व्हरच्या मागच्या बाजूचा कोड लिहितो, रात्री वाचतो. गेली काही वर्षं पनवेल परिसरात गरिबांच्या घरांवरून जे भांडण चाललं आहे, त्यात कोण बरोबर हे ठरवायला इंजिनीअर लागतील, वकील लागतील. पण त्या भांडणाने बराच मजकूर तयार केला आहे. नावं, निवेदनं, बॅनर, जाहिराती, अर्ज. हा मजकूर कुणी साहित्य म्हणून वाचत नाही. मला तो तसा वाचून बघायचा आहे.

आधी भांडण काय ते सांगतो. १८ डिसेंबर २०१८ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कल्याणच्या कार्यक्रमात सिडकोच्या सुमारे ९० हजार घरांच्या प्रकल्पाचं भूमिपूजन केलं. खर्च १८ हजार कोटींच्या घरात, योजना प्रधानमंत्री आवास. कल्पना अशी की घरं गावाबाहेर न बांधता रेल्वे स्टेशनांसमोरच्या जागा, बस टर्मिनस आणि ट्रक टर्मिनसच्या भूखंडांवर बांधायची, म्हणजे माणूस इमारतीतून उतरला की लोकलमध्ये. त्यातले बरेच भूखंड पनवेल तालुक्यात होते. खारघर, कळंबोली, पनवेल बस टर्मिनस, आणि कामोठ्याला लागून असलेली मानसरोवर आणि खांदेश्वर ही हार्बर लाइनवरची दोन स्टेशनं. या स्टेशनांसमोर टॉवर उभे राहणार हे कळल्यावर कामोठे आणि आसपासच्या रहिवाशांनी विरोध सुरू केला. निवेदनं गेली, आंदोलनं झाली. टॉवर मात्र उभे राहिले.

आता निवेदन हा प्रकार. मराठीत त्याची एक पक्की घडण आहे, अभंगाइतकी पक्की. सुरुवातीला 'महोदय', मग आम्ही अमुक नोडचे करदाते रहिवासी, मग गरिबांच्या घरांना आमचा मुळीच विरोध नाही असा खुलासा, आणि मग 'परंतु'. सगळं निवेदन या परंतुनंतर सुरू होतं. ही जागा स्टेशनच्या वापरासाठी होती. इथे पार्किंग हवं, रिक्षा आणि बसला जागा हवी, मुलांना मैदान हवं. पाणी आधीच अपुरं आहे. आणि मग तो शब्द येतो, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला: नागरी सुविधांवर ताण.

ताण येईल, ताण पडेल, ताण असह्य होईल. हा फार सोयीचा शब्द आहे, कारण त्याला कर्ता नाही. पाऊस येतो तसा ताण येतो. शेजारी कोण राहायला येणार, त्यांची मुलं कुठल्या शाळेत जाणार, त्या बायका सकाळी कुणाच्या घरी भांडी घासायला जाणार, हे काहीही न बोलता त्या सगळ्यांचा मिळून एक शब्द करता येतो. मी असली कितीतरी पत्रकं, बॅनर आणि बातम्या वाचल्या. विरोधाच्या मजकुरात 'गरीब' हा शब्द येतो तो बहुतेक त्या खुलाशाच्या वाक्यात. एकदा खुलासा झाला की तो माणूस मजकुरातून नाहीसा होतो आणि त्याच्या जागी पाणी, ड्रेनेज, वाहतूक आणि घनता बोलू लागतात.

आमच्या धंद्यात ताणाला लोड म्हणतात आणि माझ्या पगाराचा मोठा भाग त्याचीच काळजी करण्याबद्दल मिळतो. तिथे शिकलेली एक साधी गोष्ट इथे लागू पडते. सर्व्हरच्या दृष्टीने प्रत्येक विनंती हा लोडच असतो. सकाळी नऊला लॉगिन केलेला माणूस आणि दुपारी बाराला आलेला माणूस यांत यंत्राला फरक नसतो. लोड वाढणार असेल तर क्षमता वाढवायची किंवा सगळ्यांनाच रांगेत उभं करायचं. नऊ वाजताचा माणूस जेव्हा म्हणतो की बारा वाजताच्यांमुळे सिस्टीमवर ताण येतोय, तेव्हा तो तांत्रिक बोलत असल्यासारखा वाटतो, पण बोलत असतो हक्काचं. मी आधी आलो, म्हणून मी वापरकर्ता. तो नंतर आला, म्हणून तो ताण.

हे मी तिऱ्हाइतासारखं लिहितोय, पण तसा मी नाही. मी लहानाचा मोठा झालो तो नवीन पनवेलमधल्या सिडकोच्या दोन खोल्यांच्या बैठ्या घरात. अल्प उत्पन्न गट हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो आमच्याच घराच्या कागदपत्रांवर. वडिलांनी आधी मागे मोरी मोठी केली, मग वर एक खोली चढवली, मग जिना बाहेरून घेतला. गल्लीतल्या प्रत्येकाने हेच केलं. आज ती गल्ली बघून कुणी म्हणणार नाही की ही कमी उत्पन्नवाल्यांची वस्ती होती. आता आम्ही कामोठ्यात एका सात मजली इमारतीत राहतो आणि आमच्या सोसायटीतही निवेदनावर सह्या झाल्या. आमच्या घरातूनही एक झाली. ती कुणी केली हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यावर कुणी बोलत नाही.

ताणाचा हिशेब मागे नेला तर तो आमच्याही मागे जातो. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. पहिला विरोध त्या शेतकऱ्यांचा आणि आगरी-कोळ्यांचा होता, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण मरण पावले. पुढे त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, आणि कामोठ्यातल्या बऱ्याच इमारती अशा भूखंडांवर उभ्या आहेत. आमचीही. म्हणजे ज्या फ्लॅटमध्ये बसून आम्ही ताणाबद्दल लिहितो, त्याच्या खालची जमीन आधी कुणाचं तरी भातखाचर होतं आणि तेव्हा सार्वजनिक हिताचं नाव सांगून आलेला ताण आम्ही होतो. गावकऱ्यांना तेव्हा ताण हा शब्द सुचला नसावा. ते सरळ आमची जमीन म्हणत होते.

हे सगळं ज्या शहरात घडतंय, ते शहर मुळात एका मजकुरातून जन्मलं. १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकाने मुंबईवर एक अंक काढला. त्यात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडलं की मुंबई उत्तरेकडे लांबवत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवा. सरकारने कल्पना उचलली, १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, कोरिया काही वर्षं तिचे मुख्य आर्किटेक्ट होते. मासिकातल्या लेखातून शहर उभं राहिलं, असं उदाहरण आपल्याकडे दुसरं मला माहीत नाही. वेबझीनसाठी लिहिणाऱ्याला हे वाचून थोडा हेवा वाटतो.

कोरियांनी पुढे बेलापूरमध्ये १९८३ ते ८६ या काळात जी वसाहत केली, आज आपण जिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतो, तिच्यात एक साधा पण धारदार विचार होता. घर गरिबाचं असो की बऱ्या स्थितीतल्याचं, भूखंडाच्या आकारात फार फरक ठेवायचा नाही. सगळ्यात लहान भूखंड ४५ चौरस मीटरच्या आसपास आणि सगळ्यात मोठा त्याच्या दुपटीपेक्षाही कमी. सातेक घरांमध्ये एक सामायिक अंगण. प्रत्येक घर भूखंडावर सुटं, भिंतीला भिंत न लावलेलं, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्याने वाढवावं. 'द न्यू लँडस्केप' या १९८५ च्या पुस्तकात कोरियांनी हा समानतेचा मुद्दा तपशीलवार मांडला आहे. मला ते पुस्तक आवडतं, आणि ते ज्या विश्वासाने लिहिलं आहे त्याने जरा अस्वस्थही होतो. कारण बेलापूरमध्ये आज जाल तर त्यातली कितीतरी मूळ घरं पाडून त्यांच्या जागी मोठे बंगले झालेले दिसतात. पण एक गोष्ट खरी. त्या मांडणीत गरीब माणूस कुठेतरी वेगळा ठेवायचा आकडा नव्हता. त्याचं अंगण आणि दुसऱ्याचं अंगण एकच होतं. घरकुल आणि स्पॅगेटी अशी जोडी तिथे करता आली नसती.

आता रहिवाशांची बाजू, कारण ती दुबळी नाही. स्टेशनसमोरची मोकळी जागा ही चैन नाही. संध्याकाळी सात वाजता खांदेश्वरला लोकल रिकामी होते तेव्हा शेकडो माणसं एकाच वेळी बाहेर पडतात. त्यांना रिक्षा हवी, बस हवी, किमान उभं राहायला जागा हवी. पाण्याचंही तेच. पनवेलचं स्वतःचं धरण म्हणजे गाढी नदीवरचं देहरंग, तेही गाळाने भरत आलेलं. बाकी पाणी पाताळगंगेवरून, नवी मुंबईकडून, इकडून तिकडून येतं आणि एप्रिल लागला की सोसायट्यांच्या दारात टँकर दिसतात. पनवेल नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी. तिची महापालिका झाली ती १ ऑक्टोबर २०१६ ला. इतक्या जुन्या गावात पाण्याची आणि नोडमध्ये जबाबदारीची अशी फरफट असेल तर माणूस चिडणारच. स्टेशनपुढची जागा विकून किंवा बांधून मोकळं होणं ही सिडकोची जुनी सवय आहे, आणि या योजनेत गरिबाचं नाव त्या सवयीला ढाल म्हणून वापरलं गेलं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पण निवेदनांतली एक मागणी मला पुन्हा पुन्हा वाचावी लागली: पार्किंग. स्टेशनसमोर गरिबांची घरं नकोत, पार्किंग हवं. ज्यांच्याकडे गाडी नाही, जे उतरून चालत लोकल पकडतील, तेच या जागेचा सगळ्यात कमी ताण देणारे रहिवासी आहेत. गाडीने स्टेशनला येणारा माणूस रस्त्यावर जेवढी जागा खातो तेवढ्यात त्यांचं एक अख्खं कुटुंब झोपतं. ताणाचा हिशेब प्रामाणिकपणे करायचा तर तो दोन्ही बाजूंनी मांडावा लागेल, आणि तसा मांडलेला एकही कागद मला सापडला नाही.

या भाषेची तुलना करायला मला एक अमेरिकन प्रकरण फार उपयोगी पडलं. न्यू जर्सी राज्यात, फिलाडेल्फियापासून जवळ, माउंट लॉरेल नावाचं एक गाव आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना गाव महाग होत चाललं, म्हणून १९७० च्या सुमारास त्यांनी ३६ परवडणारी घरं बांधायची परवानगी मागितली. गावाने नाकारली. ज्यांना हे गाव परवडत नाही त्यांनी गाव सोडावं, असं त्यांना चर्चमधल्या सभेत तोंडावर सांगण्यात आलं. एथेल लॉरेन्स नावाच्या शिक्षिकेने खटला लढवला. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गावाने नियम असे करू नयेत की गरिबाला जागाच राहणार नाही. तरीही घरं उभी राहायला २००० साल उजाडलं. एथेल लॉरेन्स १९९४ मध्येच गेल्या होत्या. वसाहतीला त्यांचं नाव दिलं. (उन्नती नाही. एका बाईचं नाव.) मग समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी तिथे काय झालं ते मोजलं, त्याचं पुस्तक २०१३ मध्ये आलं. गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कर वाढतील, अशा ज्या भीती विरोधकांनी मांडल्या होत्या, त्यांपैकी कशाचाही पुरावा सापडला नाही. शेजारच्या अनेकांना तर अशी वसाहत आपल्या शेजारी आहे हेच माहीत नव्हतं.

हे प्रकरण कामोठ्यावर जसंच्या तसं चिकटवता येत नाही. तिथे शेवटी १४० घरं झाली, झाडांमध्ये विखुरलेली. इथे उंच टॉवर आहेत आणि आकडा हजारांत आहे. १४० घरांनी पाइपलाइनला फरक पडत नाही, हजारोंनी पडतो. मला त्यातली भाषा महत्त्वाची वाटते. माउंट लॉरेलमध्ये नको असलेल्या माणसाला समोर बसवून नको म्हटलं गेलं. ते क्रूर होतं, पण त्याला उत्तर देता आलं, कोर्टात उभं करता आलं. आपल्याकडे सगळे इतके सभ्य आहेत की कुणी कुणाला नको म्हणतच नाही. मग उत्तर देणार कुणाला? ड्रेनेजला?

इथवर मी एका बाजूचा मजकूर वाचला. दुसऱ्या बाजूचा, म्हणजे सिडकोचा, याहून चकचकीत आहे आणि मला तो जास्त खटकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे २६ हजार घरांची योजना आली. नाव होतं 'माझे पसंतीचे सिडकोचे घर'. अर्जदाराने पोर्टलवर जायचं, नोंदणी शुल्क भरायचं, इमारत, मजला, अगदी फ्लॅटही निवडायचा, पसंतीक्रम द्यायचा. पोर्टल म्हणून चांगलं होतं, सहकाऱ्याला दाखवावं असं. फक्त एक रकाना नव्हता. किंमत. लोक नोंदणी करत होते ऑक्टोबरपासून आणि किमती जाहीर झाल्या ७ जानेवारी २०२५ ला. किमतीशिवाय पसंती ही कल्पना मी एखाद्या विनोदी नाटकात घातली असती तर दिग्दर्शकाने काढून टाकली असती.

किमती आल्या त्या अशा. तळोज्यात दुर्बल घटकाचं घर २५ लाखांपासून. कळंबोली बस डेपोजवळ ४१.९ लाख. अल्प उत्पन्न गटाचं मानसरोवर स्टेशनचं ४१.९ लाख, खांदेश्वरचं ४६.७ लाख, आणि खारघर स्टेशनजवळचं ९७.२ लाख. अल्प उत्पन्न गट, ९७ लाख. हे शब्द एका ओळीत लिहिताना कुणाचा तरी हात अडखळला असेल अशी आशा आहे.

कळंबोलीचं घर घेऊन हिशेब करू. दुर्बल घटकासाठी वर्षाच्या कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख, म्हणजे महिना जास्तीत जास्त ५० हजार. ४१.९ लाखांतून अडीच लाख अनुदान वजा केलं, उरलेल्याचं ९० टक्के कर्ज मिळालं असं धरलं, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो ३० हजार ७०० च्या पुढे. वर चार लाखांच्या आसपास रोख, मुद्रांक, नोंदणी वेगळी. हे मर्यादेच्या टोकावरच्या कुटुंबाचं. ज्याचं घर २५ हजारांत चालतं, त्याचा हप्ता पगारापेक्षा मोठा. आणि घर किती, तर या योजनेत दुर्बल घटकासाठी ३० चौरस मीटरपर्यंत. उलव्याजवळ बामणडोंगरीला हे आधी एकदा झालं होतं. तिथे दुर्बल घटकाच्या घराची किंमत ३५ लाखांच्या वर ठेवली, सोडतीत घर लागलेल्यांनी आरडाओरडा केला, २०२३ मध्ये सुमारे ६ लाख कमी करावे लागले. २०२५ च्या फेब्रुवारीत सोडत झाली तेव्हा २६ हजार घरांना तेवढे दावेदारही उरले नव्हते.

म्हणजे कामोठ्यातले रहिवासी ज्या माणसाला घाबरत होते, तो माणूस त्या टॉवरमध्ये येणारच नव्हता. येणार होता बराचसा आमच्यासारखाच कुणीतरी, पहिली नोकरी, नवीन लग्न, आईवडिलांचं पाठबळ. सगळं भांडण एका अशा पात्रावर रंगलं जे रंगमंचावर यायचंच नव्हतं. विरोध करणाऱ्यांनी त्याला ताण म्हटलं, बांधणाऱ्यांनी लाभार्थी म्हटलं, आणि किमतीने त्याला दारातूनच परत पाठवलं.

इथे मला आपल्या साहित्याबद्दलही एक तक्रार आहे. मराठी वाचकाला गरिबाचं घर माहीत आहे ते एका ठरावीक जागेपर्यंत. जयवंत दळवींचं 'चक्र' १९६३ चं. त्यावरच्या १९८१ च्या सिनेमाच्या शेवटी झोपड्यांवर बुलडोझर येतो. चाळ आपण इतकी लिहिली की तिची आठवण आता जाहिरातींनाही पुरते. पण बुलडोझरनंतर काय होतं? अर्ज, उत्पन्नाचा दाखला, सोडतीची रात्र, देकारपत्र, बँकेतल्या माणसाने कागद परत सरकवणं, हप्ता न भरल्याने रद्द झालेलं घर. गेल्या वीस-तीस वर्षांत लाखो माणसांच्या आयुष्यातली नाट्यं इथे घडली आणि माझ्या वाचनात त्यावरची मोठी मराठी कादंबरी आलेली नाही. नवी मुंबई तर आपल्या कथेत बहुतेक वेळा लोकलच्या खिडकीतून दिसते.

एक जुना माहितीपट मात्र मी या भांडणाच्या काळात पुन्हा पाहिला. आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर', १९८५ चा. मुंबईतल्या झोपड्या पाडण्याच्या मोहिमांचा तो काळ. त्यात अधिकारी बोलतात, सुखवस्तू लोक शहराच्या शिस्तीबद्दल आणि स्वच्छतेबद्दल बोलतात, आणि चाळीस वर्षांनंतरही ती वाक्यं कानाला अजिबात परकी वाटत नाहीत. पण मनात राहते ती एक बाई. तिचं घर पाडलं गेलं आहे आणि ती कॅमेऱ्यालाच सुनावते. तुम्ही गरिबांचे फोटो काढून नेणार, नाव कमावणार, आमचं त्यात काय? पटवर्धनांनी तो प्रसंग कापला नाही. त्या क्षणी ती लाभार्थी नाही, पीडित नाही, ताण तर नाहीच. ती चिडलेली, हिशेब मागणारी बाई आहे आणि तिने दिग्दर्शकाला कोपऱ्यात गाठलं आहे. पनवेलच्या भांडणातल्या सगळ्या कागदांत मला असा एकही आवाज सापडला नाही. कागद तयार करणाऱ्या दोन्ही बाजूंना त्याची गरज नव्हती.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी त्या ऑक्टोबरमध्ये मला अर्ज भरून द्यायला सांगितला होता. त्या जवळच्या गावठाणात भाड्याने राहतात, नवरा रिक्षा चालवतो, ती रिक्षाही दुसऱ्याची. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी त्यांचा फोन हातात घेतला. देशात कुठेही पक्कं घर नाही ना, हे विचारलं तेव्हा त्या हसल्या. स्टेशनसमोरच्या टॉवरचं चित्र आलं तर त्यांनी बोटाने मोठं करून पाहिलं, मजले मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आई आत होती, ती बाहेर आली नाही.

जानेवारीत किमती आल्यावर मी त्यांना आकडे वाचून दाखवले. खांदेश्वरचा आकडा ऐकून त्या काहीच बोलल्या नाहीत. तळोज्याचा दोनदा वाचायला लावला. मग पिठाचा हात ओट्याच्या कडेला पुसत म्हणाल्या, "तिकडं पाणी येतं का रे पण?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.